वेगळ्या केबलचे सोवळे

शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहिले आणि तेथून हॅम रेडिओवरूनही बोलले. ४ जुलैला बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राशी झालेल्या त्यांच्या संवादाची बातमी देशभर गाजली. हौशी रेडिओचालक नावाची जमात या देशात आहे, हे अनेकांना त्या निमित्ताने प्रथमच कळले. बातमी वाचून ज्या विद्यार्थ्यांच्या मनात स्वतःच्या गच्चीवर असे एखादे केंद्र उभारण्याची इच्छा जागी झाली, त्यांची गाठ लवकरच जाणत्यांच्या सल्ल्याशी पडते. त्या सल्ल्यांपैकी सर्वांत मानाचा सल्ला असा: दोन पट्टे म्हणजे दोन अँटेना, आणि दोन अँटेना म्हणजे दोन स्वतंत्र केबल. एका केबलवर दोन पट्टे चालवणे हा जुगाड आहे; गंभीर केंद्रात असले काही चालत नाही.

हा सल्ला चुकीचा आहे. बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो केवळ खर्चिक नसून हानिकारक आहे, आणि तो इतक्या अधिकारवाणीने दिला जातो की त्यामागचे गणित कोणी मागतच नाही. ते गणित फारसे अवघड नाही.

भारतातील परवानाधारक हौशी रेडिओचालकांना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ असे दोन पट्टे उपलब्ध आहेत. हौशी उपग्रहांचे बरेचसे संदेशवहन याच दोन पट्ट्यांत चालते, आणि पुष्कळदा एकाच वेळी दोन्हींत चालते: एका पट्ट्यात वर बोलायचे आणि दुसऱ्यात खाली ऐकायचे. अंतराळ स्थानकावरील रिपीटर १४५.९९० मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि ४३७.८०० वर बोलतो. अशा कामासाठी खाली खोलीत रेडिओ असतो, वर गच्चीवर दोन अँटेना असतात, आणि मधले अंतर केबलने तोडायचे असते. या केबलच्या दोन्ही टोकांना एकेक छोटी पेटी जोडली, तर दोन्ही पट्टे एकाच तारेतून ये-जा करू शकतात. प्रत्येक पेटीला तीन तोंडे असतात. एका तोंडामागे कमी वारंवारता जाऊ देणारा लो-पास फिल्टर, दुसऱ्यामागे जास्त वारंवारता जाऊ देणारा हाय-पास फिल्टर, आणि तिसरे तोंड सामाईक. आत तांब्याच्या तारेची काही वेटोळी आणि काही पिकोफॅरडचे मोजके कपॅसिटर असतात. त्यात फिरणारा भाग नाही, वीज लागत नाही, आणि गूढ असे तर काहीच नाही.

आता एखादी चारमजली इमारत डोळ्यांसमोर आणावी. रेडिओ पहिल्या मजल्यावरच्या खोलीत आहे, अँटेना गच्चीवर आहे, आणि डक्टमधून वळणे घेत जाणाऱ्या केबलची लांबी ३० मीटर भरते. विद्यार्थ्याच्या खिशात जेवढे पैसे आहेत तेवढ्यात दोन केबल बसवायच्या, तर त्या बारीकच घ्याव्या लागतात. बाजारात सहज मिळणारी बारीक केबल म्हणजे आरजी-५८. या केबलच्या ३० मीटर लांबीत १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे ६ डेसिबेल आणि ४३५ मेगाहर्ट्झवर साधारण साडेदहा डेसिबेल घट होते. ३ डेसिबेल म्हणजे निम्मी शक्ती गेली आणि १० डेसिबेल म्हणजे दहातले नऊ भाग गेले, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. रेडिओने ४३५ वर २५ वॉट सोडले, तर अँटेनापर्यंत पोहोचतात जेमतेम सव्वादोन वॉट. बाकीचे डक्टमधल्या पाली उबेला ठेवण्याच्या कामी येतात.

त्याच डक्टमधून दोन बारीक केबलऐवजी एलएमआर-४०० सारखी एक जाड, कमी घटीची केबल नेली तर? ३० मीटरमध्ये १४५ वर दीड डेसिबेल आणि ४३५ वर सुमारे २.७ डेसिबेल घट होते. दोन पेट्या आणि त्यांच्यामुळे वाढलेले कनेक्टर यांची मिळून आणखी ०.७ डेसिबेल धरावी. चांगल्या पेटीची घट ०.२ ते ०.३ डेसिबेलच असते, तेव्हा हा अंदाज कंजूष म्हणता येणार नाही. बेरीज होते २.२ आणि ३.४ डेसिबेल. म्हणजे ४३५ वर २५ पैकी ११ वॉटांहून अधिक शक्ती अँटेनाला मिळते. ‘जुगाड’ ठरवलेली रचना ‘गंभीर’ रचनेच्या पाचपट शक्ती वर पोहोचवते. ऐकण्याच्या बाजूने हा फरक अधिकच बोचतो, कारण रेडिओच्या आधी केबलमध्ये झालेली प्रत्येक डेसिबेलची घट थेट रेडिओच्या बहिरेपणात भर घालते. उपग्रहाचा संदेश आधीच क्षीण असतो. त्यातले नऊ दशांश केबलने खाल्ल्यावर खाली बसलेल्या मुलाला फक्त खरखर ऐकू येते, आणि तो समजतो की आपला रेडिओच स्वस्तातला, म्हणून ऐकू येत नाही. मग रेडिओ बदलण्याचे विचार सुरू होतात.

यावर जाणत्यांचे उत्तर तयार असते: मग दोन्ही केबल जाड घ्या. ज्याला दोन जाड केबल परवडतात आणि ज्याची सोसायटी गच्चीच्या भिंतीला दुसरे भोक पाडू देते, त्याने खुशाल घ्याव्यात. शहरात भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याला एक भोक मिळवण्यासाठीच अध्यक्ष, सचिव आणि वरच्या मजल्यावरच्या काकांची मनधरणी करावी लागते, हे सल्ला देणाऱ्या बंगलेवाल्यांना ठाऊक नसावे. परंतु येथे मुद्दा परवडण्याचा नाही. दोन जाड केबल घेऊनही ज्या हेतूने त्या घेतल्या तो साधत नाही, हा खरा मुद्दा आहे.

तो हेतू म्हणजे एकमेकांपासून अलगपणा. १४५ वर बोलत असताना ४३५ वरचे ऐकणे बंद पडू नये, यासाठी दोन्ही वाटा वेगळ्या ठेवायच्या, असा युक्तिवाद असतो. वरवर तो पटतोही. तार वेगळी, म्हणजे संदेश वेगळा. पण केबलच्या टोकाला अँटेना असते, आणि हवेत ऊर्जा सोडणे आणि हवेतली ऊर्जा पकडणे हेच तिचे काम. एकाच खांबावर मीटरभर अंतराने बसवलेल्या दोन अँटेनांमध्ये ३० डेसिबेल अलगपणा आहे असे धरले, तर १४५ वर सोडलेल्या २५ वॉटांपैकी २५ मिलिवॉट दुसऱ्या अँटेनातून, केबलमधील घट सोडता, ऐकणाऱ्या रेडिओच्या तोंडाशी येऊन धडकतात. ज्या उपग्रहाचा आवाज ऐकायचा आहे, त्याची शक्ती याच्या लाखो कोटींव्या हिश्श्याएवढी असू शकते. कानाशी ढोल बडवत असताना शेजारच्या गल्लीतली कुजबुज ऐकण्यासारखाच हा प्रकार. दोन केबल परस्परांपासून कितीही दूर नेल्या, तरी या धडकेत काडीचाही फरक पडत नाही, कारण ती केबलमधून येतच नाही.

आता त्याच अँटेना एका केबलला दोन पेट्यांनी जोडाव्यात. खालच्या पेटीच्या दोन तोंडांमध्ये साधारण ५० डेसिबेल अलगपणा असतो, म्हणजे २५ वॉटांचे पाव मिलिवॉट उरते. पूर्वीच्या शंभरावा भाग. हवेतून वळसा घालून येणारी वाटही उरत नाही, कारण ४३५ च्या अँटेनाने पकडलेला १४५ चा गोंगाट वरच्या पेटीच्या हाय-पास फिल्टरवर आपटून आणखी ५० डेसिबेलने खाली येतो. म्हणजे एकत्र आणल्याने अलगपणा वाढला. हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्यात विरोधाभास नाही. अलगपणा केबल देत नाही, फिल्टर देतो. वेगळ्या केबल वापरणाऱ्यालाही एकाच वेळी बोलायचे आणि ऐकायचे असेल, तर फिल्टर घ्यावेच लागतात. आणि ते घेतलेच, तर दुसऱ्या केबलला डक्टमधून लोंबकळण्यापलीकडे काम राहत नाही.

या दोन पट्ट्यांच्या नात्यात एक खोड आहे, आणि ती ओळखल्याशिवाय हा विषय अर्धाच कळतो. १४५ ची तिप्पट ४३५. हौशी रेडिओचा वरचा पट्टा खालच्या पट्ट्याच्या तिसऱ्या हार्मोनिकवर येऊन बसलेला आहे. १४४ ते १४६ ची तिप्पट केली की ४३२ ते ४३८ मिळतात आणि भारतातला ४३४ ते ४३८ हा पट्टा त्यात पूर्णपणे सामावतो. कोणताही प्रक्षेपक आपल्या मूळ वारंवारतेबरोबर तिच्या पटींतही थोडीफार ऊर्जा सांडतो. अंतराळ स्थानकाच्या रिपीटरसाठी १४५.९९० वर बोलणाऱ्याचा तिसरा हार्मोनिक ४३७.९७० वर पडतो, आणि ऐकायचे असते ४३७.८०० वर. फरक केवळ १७० किलोहर्ट्झचा. एसओ-५० या २००२ पासून फिरणाऱ्या सौदी उपग्रहासाठी १४५.८५० वर बोलले की हार्मोनिक ४३७.५५० वर जातो आणि ऐकणे ४३६.७९५ वर असते; तेथे थोडी मोकळीक आहे.

बरे, १४५ साठी बनवलेली अर्धतरंगी अँटेना ४३५ वर दीडतरंगी होते आणि त्या वारंवारतेवरही अनुनादते. म्हणजे रेडिओने सांडलेला हार्मोनिक ती आनंदाने हवेत सोडते. स्वतंत्र केबलच्या रचनेत त्याला अडवणारे कोणी नसते. सामाईक रचनेत मात्र १४५ च्या तोंडामागचा लो-पास फिल्टर त्याला खोलीतच रोखतो. ही गोष्ट इतकी सरळ आहे की शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. केबलचा पाव तरंगलांबीचा तुकडा जोडून नको तो पट्टा मारण्याची जुनी युक्ती येथे का फसते, हेही त्यातूनच कळते: जो तुकडा १४५ ला रोखण्यासाठी कापला, तो ४३५ वर पाऊण तरंगलांबीचा होतो आणि त्यालाही रोखतो. म्हणूनच वेटोळी आणि कपॅसिटर लागतात. एका प्रात्यक्षिकात प्रेषणवाहिनी, अनुनाद, हार्मोनिक आणि फिल्टर असे चार धडे होतात, आणि तरीही अभ्यासक्रमातील ते चार धडे चार वेगवेगळ्या सत्रांत, एकमेकांची ओळखही न करून देता, उरकले जातात.

नावाचा घोळ येथे निस्तरायला हवा, कारण त्याने पुष्कळांचे नुकसान केले आहे. वर वर्णन केलेल्या पेटीचे अभियांत्रिकीतले काटेकोर नाव डायप्लेक्सर. डुप्लेक्सर म्हणजे बोलणे आणि ऐकणे यांना एका अँटेनावर आणणारे साधन. १९३६ मध्ये अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत रडारसाठी ते घडले, आणि त्यामुळे रडारचे दोन अँटेनांवाचून चालू लागले. हौशी रेडिओच्या बाजारात मात्र जपानी उत्पादकांनी दोन पट्ट्यांच्या साध्या पेटीवरही डुप्लेक्सर हीच अक्षरे छापली आणि तीच रूढ झाली. रूढ शब्दाशी भांडण्यात अर्थ नाही. चहाला कोणी उष्णोदक म्हणत नाही. भांडण आहे ते दोन्ही साधने एकच समजण्याशी.

डोंगरमाथ्यावर बसवलेल्या रिपीटरला १४५ च्या आसपास ऐकायचे आणि त्याच क्षणी फक्त ६०० किलोहर्ट्झ अंतरावर बोलायचे असते. हे अंतर मूळ वारंवारतेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तेथे वेटोळी-कपॅसिटरची पेटी निरुपयोगी आहे. तेथे अर्ध्या मीटरहून उंच, पिंपांसारख्या धातूच्या पोकळ्या लागतात. बहुधा सहा पोकळ्या असतात, प्रत्येक हाताने जुळवलेली, आणि त्यांच्याकडून ८०-९० डेसिबेल अलगपणाची अपेक्षा असते. अमेरिकेतील पुस्तकांत वरच्या पट्ट्यातल्या रिपीटरसाठी ५ मेगाहर्ट्झचे ऐसपैस अंतर सांगितलेले असते. भारतातला तो पट्टाच ४ मेगाहर्ट्झ रुंद असल्याने ती सोय येथे नाही. ही माहिती नसलेला उत्साही गट खिशात मावणारा ‘डुप्लेक्सर’ मागवतो, तो रिपीटरला जोडतो, आणि पहिल्याच बोलण्यात रिपीटरचा कान बसतो. नंतर तो गट ‘डुप्लेक्सर काही कामाचा नाही’ असे सांगत फिरतो. वेगळ्या केबलचे सोवळे पाळणाऱ्यांना असे साक्षीदार फार उपयोगी पडतात.

सामाईक तारेला जुगाड म्हणणाऱ्यांनी भारतातल्या कोणत्याही शहराकडे गच्चीवरून एकदा पाहावे. घराघरावर बसलेल्या डीटीएच थाळीची केबल एकच असते. त्याच तारेतून उपग्रहाचे चित्र साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर खाली येते आणि थाळीवरच्या यंत्रासाठी १३ किंवा १८ व्होल्टची वीज वर जाते. कोणते ध्रुवीकरण हवे हा हुकूमही त्या व्होल्टेजमध्येच असतो. खाजगी एफएम वाहिन्यांच्या विस्ताराच्या काळात केंद्र सरकारने त्यांना सामाईक मनोऱ्यावर आणले, आणि आज मोठ्या शहरांत एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या वाहिन्या कंबाइनरमधून एकाच अँटेनावाटे किलोवॉटांनी शक्ती सोडतात. मोबाइल मनोऱ्यांवर ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ एकाच फीडरमधून नेणे हा दूरसंचार उद्योगाचा नित्याचा व्यवहार. ज्या फोनवर हा मजकूर वाचला जात आहे, त्यातही एकाच अँटेनावर बोलणे आणि ऐकणे सांभाळणारे तांदळाच्या दाण्याएवढे डुप्लेक्सर बसलेले आहेत. ज्या तंत्रावर कोट्यवधींचा व्यवसाय उभा आहे, ते विद्यार्थ्याच्या गच्चीवर गेले की अचानक जुगाड कसे होते?

हौशी उपग्रहांच्या इतिहासात भारताचा वाटा मोठा आहे, म्हणून ही टोचणी अधिक. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने कार्टोसॅट-१ बरोबर ४२.५ किलोचा हॅमसॅट कक्षेत सोडला. त्यावर दोन ट्रान्सपाँडर होते: एक भारतीय आणि एक नेदरलँड्समधील एका हौशी रेडिओचालकाने बनवलेला. तो ४३५ वर ऐकत असे आणि १४५ वर बोलत असे. ही दिशा विद्यार्थ्यांच्या सोयीची होती, कारण ४३५ चा हार्मोनिक १४५ वर पडत नाही. जुलै २०१४ पर्यंत, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक काळ, तो चालला. हातात धरायची दुहेरी यागी, तिच्या मुठीत दडवलेली छोटी पेटी आणि एक हातरेडिओ एवढ्या सरंजामावर जगभरचे लोक तशा उपग्रहांशी बोलत आले आहेत. पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ हे दोन्ही विद्यार्थी-उपग्रह २०१६ मध्ये उडाले. सप्टेंबर २०१५ मध्ये अॅस्ट्रोसॅटबरोबर पीएसएलव्हीनेच नेलेला इंडोनेशियाचा लापान-ए२ विषुववृत्तापासून केवळ सहा अंश कललेल्या कक्षेत फिरतो, आणि त्यामुळे दक्षिण भारताच्या टप्प्यात दिवसातून अनेकदा येतो. तो १४५.८८० वर ऐकतो आणि ४३५.८८० वर बोलतो. म्हणजे वर पाठवण्याची कुवत या देशात आहे. कमतरता आहे ती खालून ऐकणाऱ्या कानांची. आणि ते कान वाढवण्याऐवजी जाणती मंडळी दुसऱ्या केबलची अट घालत बसली आहेत.

विरोधकांचे दोन आक्षेप मात्र रास्त आहेत आणि ते टाळता येणार नाहीत. पहिला आक्षेप एकाच केबलवर सगळी मदार ठेवण्याचा. वरच्या पेटीत पाणी शिरले, तर दोन्ही पट्टे एकदम जातात. कोकणातल्या वा केरळातल्या पावसाळ्यात हे घडणारच, फक्त कधी एवढाच प्रश्न असतो. म्हणून चक्रीवादळ वा पूर आल्यावर ज्या केंद्रावर जिल्हा प्रशासन विसंबून राहील, तेथे दोन केबल, दोन अँटेना आणि शक्य तर दोन खांब असायलाच हवेत. तेथे काटकसर करणे हा अपराध ठरेल. पण आपत्तिनिवारणाच्या नियंत्रण कक्षाचा नियम शिकाऊ मुलाच्या गच्चीवर लादणे म्हणजे रुग्णवाहिकेला लागणारी सामग्री सायकलवर बांधायला सांगणे होय. शिकाऊ मुलाच्या केंद्रात बिघाड झाला तर एक संध्याकाळ वाया जाते, आणि पेटी उघडून पाहताना तो जे शिकतो ते त्या संध्याकाळीहून मोलाचे असते.

दुसरा आक्षेप अँटेनापाशी बसवायच्या प्रवर्धकाचा. क्षीण संदेश केबलमध्ये शिरण्याआधीच वाढवणे हा सर्वांत उत्तम उपाय, यात शंका नाही. त्याला लागणारी वीज त्याच केबलमधून वर न्यावी लागते, आणि हाय-पास बाजूला मालिकेत कपॅसिटर असल्याने ती तेथून जाऊ शकत नाही. ४३५ साठी प्रवर्धक बसवायचा, तर वीज जाऊ देणारी विशेष पेटी घ्यावी लागते किंवा विजेची बारीक तार वेगळी न्यावी लागते. शिवाय प्रवर्धकाच्या बाजूने चुकून प्रक्षेपण झाले, तर तो क्षणात जळतो. ही अडचण खरी आहे. पण येथेही लागलीच तर विजेची साधी बारीक तार लागते. दुसरी महागडी फीडलाइन नव्हे.

पेटीच्या शक्तिमर्यादेकडे दुर्लक्ष करणारे, गंजलेले कनेक्टर तसेच चालवणारे, आणि स्वस्तातल्या पेटीवर छापलेला आकडा वेदवाक्य मानणारे लोकही आहेत. त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. हीच चुकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अधिक प्रतिष्ठितपणे होते: पेटी आयात होते, तिच्यावर नोंदवहीतला क्रमांक रंगवला जातो, आणि ती कपाटात जाते. आत काय आहे हे पाहण्याची मुभा विद्यार्थ्यांना नसते, कारण झाकण उघडले तर वॉरंटी जाते. वास्तविक ही वस्तू कार्यशाळेत दोन दिवसांत बनते. पितळी पत्र्याची डबी, तीन कनेक्टर, मध्ये आडवी भिंत घालून दोन कप्पे, एनॅमलच्या तांब्याच्या तारेची काही वेटोळी, आणि उच्च वारंवारतेला टिकणारे कपॅसिटर एवढे तिला पुरते. वेटोळी बोटाने किंचित ताणली किंवा दाबली की फिल्टरची कड सरकते, हे ज्याने पडद्यावर एकदा पाहिले, त्याला प्रेरकत्वाची व्याख्या पुन्हा पाठ करावी लागत नाही.

ते पाहण्यासाठी पूर्वी लाखोंचे उपकरण लागे. आता नॅनोव्हीएनए नावाचा खिशात मावणारा विश्लेषक एखाद्या साध्या मोबाइल फोनहूनही स्वस्तात मिळतो, आणि देशातल्या कितीतरी विद्यार्थ्यांकडे तो आहे. त्याची एक मर्यादा मात्र दुकानदार सांगत नाही. मूळ आराखड्याचा नॅनोव्हीएनए ३०० मेगाहर्ट्झच्या वर स्वतःच्या हार्मोनिकवर काम करतो आणि त्याची नजर तेथे मंदावते. त्यामुळे १४५ वर ५०-६० डेसिबेल अलगपणा तो बऱ्यापैकी दाखवतो, पण ४३५ वर तसाच आकडा दिसला नाही, तर दोष पेटीचा की मापकाचा हे त्याच्यावरून ठरत नाही. तेथे दुसरी कसोटी लागते, आणि ती कोणत्याही परवानाधारकाला विनाखर्च करता येते. पेटीचे सामाईक तोंड डमी लोडला जोडावे, ४३५ च्या तोंडावर ऐकणारा रेडिओ ठेवून त्यावर दूरच्या हातरेडिओचा मुद्दाम क्षीण केलेला संदेश लावावा, आणि मग १४५ च्या तोंडातून आधी एका वॉटाने, मग पाच वॉटांनी, शेवटी पूर्ण शक्तीने बटण दाबावे. नंतर हीच परीक्षा डमी लोड काढून, केबल, वरची पेटी आणि दोन्ही अँटेना जोडून पुन्हा करावी. ज्या शक्तीला तो क्षीण संदेश विरू लागतो, तेवढी त्या केंद्राची मर्यादा. दोन वेगळ्या केबल टाकून बसलेल्यांनीही हीच परीक्षा आपल्या केंद्रावर करावी आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावेत.